यूडीपी पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता कोण लिहितं, आणि कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिनक्स सर्व्हरला इंटरनेटच्या दोन जोडण्या आहेत. ईथ० या नेटवर्क इंटरफेसवर २०३.०.११३.१० हा पत्ता आणि ईथ१ वर १९८.५१.१००.२०. डीफॉल्ट रूट, म्हणजे वेगळं काही न सांगितल्यास घेतला जाणारा रस्ता, पहिल्या जोडणीवरून जातो. एक प्रोग्राम १९२.०.२.५० या दूरच्या सर्व्हरला यूडीपीवरून, म्हणजे आधी जोडणी न करता सुटी पॅकेटं पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवरून, माहिती पाठवतो, आणि त्या सर्व्हरचा फायरवॉल फक्त १९८.५१.१००.२० या पत्त्यावरून, ५५०० या पोर्टवरून आलेलंच आत घेतो. प्रश्नकर्त्याने आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) मँगल टेबलमध्ये पॅकेटवर मार्क, म्हणजे मशीनच्या आतच राहणारी आकड्याची खूण, लावला आणि त्या मार्कवर वेगळं राउटिंग टेबल जोडलं. आता पॅकेट ईथ१ मधून बाहेर पडताना दिसतं, पण उत्तर येत नाही. शिवाय याच मशीनवर दोन्ही पत्त्यांवर ऐकणारी त्यांची स्वतःची एक यूडीपी सेवा आहे, आणि दुसऱ्या पत्त्यावर विचारणाऱ्यांना तिची उत्तरं पोचत नाहीत.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता पॅकेटवर कोणत्या क्षणी लिहिला जातो, ते नीट कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

टीसीपीत जोडणी एकदा झाली की दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट पक्के होतात. यूडीपीत तसं काही घडत नाही. प्रोटोकॉल इतका साधा आहे की १९८० च्या आरएफसी ७६८ या इंटरनेट मानकाने त्याचं हेडर आठ बाइटांत बसवलं, आणि त्यात पाठवणाऱ्याचा पोर्टसुद्धा ऐच्छिक ठेवला. नसेल तर शून्य. तुमच्या प्रोग्रामने सॉकेट (नेटवर्कवर बोलायचं प्रोग्रामचं दार) उघडलं आणि बाइंड न करता, म्हणजे स्वतःचा पत्ता-पोर्ट न ठरवता, थेट सेंडटूने पॅकेट पाठवलं, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन गोष्टी स्वतःच्या मर्जीने ठरवतो. पोर्ट पहिल्याच सेंडटूला ठरतो आणि त्या सॉकेटला कायमचा चिकटतो. पत्ता मात्र चिकटत नाही. तो प्रत्येक पॅकेटला नव्याने ठरतो: कर्नल आधी राउटिंग टेबल बघतो, कुठला रूट लागू होतो ते शोधतो, त्या रूटवर 'एसआरसी' म्हणून पत्ता सुचवलेला असेल तर तो घेतो, नसेल तर बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा मुख्य पत्ता घेतो. म्हणजे सकाळी एका पत्त्यावरून जाणारा प्रोग्राम मधे रूट बदलल्यावर दुपारी दुसऱ्या पत्त्यावरून जाऊ शकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता तुमचा मार्क कुठे बसतो ते बघा. मँगलची आउटपुट साखळी, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या पॅकेटांचे नियम, येते तेव्हा राउटिंग एकदा होऊन गेलेलं असतं, आणि पॅकेटवर २०३.०.११३.१० लिहून झालेलं असतं. मार्क बदलला म्हणून कर्नल राउटिंग पुन्हा करतो, पॅकेट ईथ१ कडे वळवतो, पण लिहिलेला पत्ता खोडत नाही. वरातीमागून घोडं. ईथ१ मधून पॅकेट निघालं खरं, पण पहिल्या जोडणीचा पत्ता अंगावर घेऊन. दुसऱ्या जोडणीचा पुरवठादार ते बहुधा दारातच टाकून देतो, कारण स्वतःच्या ग्राहकाचा नसलेला पत्ता बाहेर जाऊ देऊ नये हा बीसीपी ३८ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजातला नियम २००० सालापासून लिहिलेला आहे. नाही टाकलं तरी १९२.०.२.५० चा फायरवॉल ते ओळखणार नाही. टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावताना इंटरफेस बरोबर आहे एवढंच पाहिलं आणि त्याच ओळीतला डावीकडचा पत्ता वाचला नाही, ही चूक मी स्वतः इतक्या वेळा केली आहे की आता बोट ठेवून वाचतो.

यावर अनेकजण पोस्टराउटिंगमध्ये, म्हणजे पॅकेट बाहेर पडायच्या ऐन वेळी, एसनॅट लावून पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतात. चालतं. पण ते ठिगळ आहे, आणि त्याच्या दोन कटकटी आहेत. पहिली: उत्तर ईथ१ वर येतं तेव्हा आरपी-फिल्टर (पॅकेट योग्य इंटरफेसवरून आलं का हे बघणारी तपासणी) कडक असेल, म्हणजे १ असेल, तर कर्नल म्हणतो, 'या पत्त्याकडे जायचा माझा रस्ता तर ईथ० वरून आहे, हे इकडून कसं आलं?' आणि गुपचूप फेकून देतो. मग तुम्ही तो २, म्हणजे सैल, करता, किंवा मार्क जपून ठेवायचे आणखी नियम लिहिता. दुसरी कटकट जास्त छळते. नॅट टेबल, म्हणजे पत्ते बदलण्याचे नियम, प्रत्येक पॅकेटला विचारलं जात नाही, फक्त प्रवाहाच्या पहिल्या पॅकेटला विचारलं जातं. पुढची सगळी पॅकेटं कनेक्शन ट्रॅकिंगच्या नोंदीवरून जातात. यूडीपीला जोडणी नसली तरी ही नोंद असते: एकतर्फी प्रवाहाला ३० सेकंद, दोन्हीकडून बोलणं चालू झालं की नव्या कर्नलांत १२० सेकंद. प्रत्येक पॅकेटबरोबर हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तुमचा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी काहीतरी पाठवत असेल तर जुनी नोंद कधीच मरत नाही. तुम्ही नियम बदलता, पुन्हा बदलता, काहीच फरक पडत नाही, आणि शेवटी मशीन रीबूट केल्यावर 'चाललं एकदाचं' म्हणता. रीबूटची गरज नव्हती. 'कॉनट्रॅक' या साधनाने ती नोंद पुसली असती तरी पुरलं असतं. इंटरनेटवरून बोलणाऱ्या व्हीओआयपी फोनांमध्ये आणि डॉकरच्या कंटेनरांमध्ये हाच प्रकार फार आढळतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: पत्ता सॉकेटवर ठरवा, फायरवॉलवर नाही. प्रोग्राम तुमच्या हातात असेल तर सेंडटूच्या आधी बाइंड करा, १९८.५१.१००.२० आणि पोर्ट ५५०० देऊन. पोर्टची अट नसेल तर शून्य द्या, कर्नल मोकळा पोर्ट शोधून देईल.

पण इथे थांबलात तर घोडं पुन्हा पेंड खाईल. बाइंड पत्ता ठरवतं, रस्ता ठरवत नाही. १९८.५१.१००.२० ला बांधलेलं सॉकेटसुद्धा डीफॉल्ट रूट ईथ० वरून असेल तर ईथ० मधूनच जाईल, आता उलटा पत्ता घेऊन. त्यासाठी धोरणाधारित राउटिंगची, म्हणजे पॅकेट कुणाचं ते पाहून रस्ता ठरवणाऱ्या नियमांची, जोड लागते. (आज्ञा इथे बोलतो तशा लिहितो, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये जातात.) आधी 'आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.१ डेव्ह ईथ१ टेबल २००', मग 'आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.२० लुकअप २००'. त्या टेबलमध्ये ईथ१ च्या स्वतःच्या सबनेटचा रूटही घाला, नाहीतर शेजारच्या मशीनला जाणारं पॅकेटही गेटवेला वळसा घालून येईल.

या 'फ्रॉम' नियमाबद्दल एक गोष्ट बरीच मंडळी विसरतात. तो फक्त तेव्हाच लागू होतो जेव्हा राउटिंग बघताना पत्ता आधीच माहीत असतो. बाइंड न केलेल्या सॉकेटचा पत्ता त्या क्षणी ०.०.०.० असतो, नियम जुळत नाही, आणि मुख्य टेबलच वापरलं जातं. 'नियम तर टाकला, पण प्रोग्राम ऐकत नाही' अशा तक्रारीत दहातल्या नऊ वेळा प्रोग्रामने बाइंड केलेलंच नसतं. तपासायला 'आयपी रूट गेट १९२.०.२.५०' आणि 'आयपी रूट गेट १९२.०.२.५० फ्रॉम १९८.५१.१००.२०' या दोन्ही आज्ञा चालवून बघा. दोन उत्तरं वेगळी आली पाहिजेत. आणि या पद्धतीचा एक फायदा फुकटात मिळतो: उलट्या रस्त्याची तपासणी करताना कर्नल तोच 'फ्रॉम' नियम वापरतो, त्यामुळे आरपी-फिल्टर कडक ठेवूनही उत्तरं आत येतात. मार्कवाल्या पद्धतीत हे सुख नाही.

एसओ-बाइंडटूडिव्हाइस हा पर्याय कुणीतरी नक्की सुचवेल. तो सॉकेटला इंटरफेसशी बांधतो, आणि कामाचा आहे, पण त्याचा एक विचित्र स्वभाव आहे. ईथ१ ला बांधलं आणि त्या इंटरफेसवरून १९२.०.२.५० कडे जाणारा एकही रूट सापडला नाही, तर लिनक्स चूक दाखवत नाही. तो धरून चालतो की ते मशीन याच तारेवर शेजारी बसलंय, आणि त्याच्या नावाने एआरपीच्या (त्याच तारेवरच्या मशीनचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या) हाका मारत बसतो. टीसीपीडम्पमध्ये दूरदेशीच्या पत्त्यासाठी एआरपी दिसली की समजायचं, डिव्हाइस बांधलाय पण रूट नाही.

प्रोग्राम दुसऱ्याचा असेल तर आधी त्याची सेटिंग वाचा. पाठवण्याचा पत्ता मागणारी सोय बहुतेक जुन्याजाणत्या प्रोग्रामांत असते, फक्त प्रत्येकाने तिला वेगळं नाव दिलंय. बाइंड या डीएनएस सर्व्हरात 'क्वेरी-सोर्स', अनबाउंडमध्ये 'आउटगोइंग-इंटरफेस', क्रोनीत 'बाइंडएसीक्यूॲड्रेस', नेट-एसएनएमपीत 'क्लायंटॲडर', आरसिसलॉगच्या यूडीपी फॉरवर्डिंगमध्ये नुसतं 'ॲड्रेस'. सिस्कोच्या राउटरवर तर सिसलॉग, एनटीपी, एसएनएमपी ट्रॅप, रेडियस, प्रत्येकाला स्वतंत्र सोर्स-इंटरफेस देता येतो आणि तिथे लूपबॅक, म्हणजे कुठल्याही तारेशी न जोडलेला आभासी इंटरफेस, देण्याची जुनी रीत आहे. कारण समोरचा तुम्हाला पत्त्यावरून ओळखतो, आणि लूपबॅक कधी डाऊन होत नाही.

तशी सोय नसेल तर प्रोग्राम वेगळ्या यूजरखाली चालवा आणि 'आयपी रूल ॲड यूआयडीरेंज १००५-१००५ लुकअप २००' असा नियम टाका; १००५ हा त्या यूजरचा क्रमांक. लिनक्स ४.१० पासून हे उपलब्ध आहे. मार्कपेक्षा हे चांगलं का? कारण यूजर कोण हे पहिल्या राउटिंगच्या वेळीच माहीत असतं, म्हणून पत्ताही टेबल २०० मधल्या रूटवरून, म्हणजे बरोबर, निवडला जातो. प्रोग्रामनेच एसओ-मार्क लावला तरी हेच होतं. त्याच मार्कचा तोच आकडा, पण सॉकेटवर लावला तर वेळेत, आयपीटेबल्सने लावला तर उशिरा. याहून पक्कं हवं असेल तर वेगळी नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे मशीनच्या आतच एक स्वतंत्र नेटवर्क, करून त्यात एकच पत्ता ठेवा. निवडायला दुसरा पत्ताच नाही म्हटल्यावर चुकायची सोय उरत नाही. नव्या कर्नलांत ईबीपीएफचा सीग्रुप हूक, म्हणजे कर्नलमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम, लावून सेंडमेसेजच्या वेळी पत्ता बदलता येतो, पण दोन जोडण्यांच्या एका सर्व्हरसाठी तिथवर जाऊ नका. सहा महिन्यांनी तुमच्या जागी येणारा माणूस तो हूक शोधत बसेल.

आता दुसरी तक्रार, उत्तरांची. तुमची सेवा ०.०.०.० वर ऐकते. ग्राहकाने १९८.५१.१००.२० ला विचारलं. सेवेने रिसीव्हफ्रॉमने पॅकेट घेतलं, त्यात विचारणाऱ्याचा पत्ता मिळाला, पण त्याने आपल्या कुठल्या पत्त्यावर विचारलं हे रिसीव्हफ्रॉम सांगतच नाही. मग सेंडटूने उत्तर, आणि वर सांगितलेल्या रीतीने पत्ता पडला २०३.०.११३.१०. ग्राहकाच्या दृष्टीने हे कुणा तिऱ्हाइताचं पत्र. त्याचं सॉकेट कनेक्ट केलेलं असेल तर त्याचा कर्नलच ते टाकतो, मधे नॅट असेल तर राउटर टाकतो.

हा धडा मला रेडियसने, म्हणजे नेटवर्कवर येणाऱ्यांची ओळख तपासणाऱ्या प्रोटोकॉलने, शिकवला. दोन सर्व्हर, पुढे कीपअलाइव्हडीचा तरंगता पत्ता, म्हणजे जो सर्व्हर चालू असेल त्याच्याकडे जाणारा. सर्व्हरच्या लॉगमध्ये ठसठशीत 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट', म्हणजे परवानगी दिली, आणि समोरच्या उपकरणावर टाइमआउट. दोन संध्याकाळी आम्ही शेअर्ड सीक्रेट तपासत बसलो होतो. विनंती तरंगत्या पत्त्यावर येत होती, उत्तर मशीनच्या मूळ पत्त्यावरून जात होतं, एवढीच गंमत. फ्रीरेडियसमध्ये यासाठी 'यूडीपीफ्रॉमटू' नावाची सोय आहे. आमच्या बिल्डमध्ये ती नव्हती.

उपाय दोन. एक, प्रत्येक पत्त्याला वेगळं सॉकेट बांधा. बाइंड हा डीएनएस सर्व्हर कित्येक वर्षं हेच करत आला आहे. यात पत्ता नव्याने आला की सॉकेटही नवं उघडावं लागतं. दोन, आयपी-पॅकेटइन्फो हा सॉकेट पर्याय चालू करा आणि रिसीव्हमेसेज वापरा. मग प्रत्येक पॅकेटबरोबर कर्नल ते कुठल्या इंटरफेसवर, आपल्या कुठल्या पत्त्यासाठी आलं हे कळवतो. उत्तर पाठवताना सेंडमेसेजला तीच रचना द्यायची, त्यातल्या 'स्पेक-डीएसटी' या रकान्यात आपला पत्ता ठेवून. नाव डेस्टिनेशनचं, काम सोर्सचं. यात सगळेच एकदा तरी फसतात. आलेली रचना जशीच्या तशी परत देऊ नका. तिच्यात इंटरफेसचा क्रमांकही असतो, आणि तो तसाच ठेवला तर उत्तराला त्याच इंटरफेसची सक्ती होते. क्रमांक शून्य करा, रस्ता 'फ्रॉम' नियमाला ठरवू द्या. फ्रीबीएसडीवर याला वेगळे पर्याय आहेत, घ्यायला आयपी-रिसीव्हडीएसटीॲड्रेस आणि पाठवायला आयपी-सेंडएसआरसीॲड्रेस. आयपीव्ही६ साठी आरएफसी ३५४२ ने हेच काम एकसारखं करून ठेवलंय. ओपनव्हीपीएन चालवत असाल तर काही लिहायला नको, 'मल्टिहोम' ही एक ओळ पुरते.

पोर्टचं काय? ५५०० ची अट समोरच्याने घातली आहे, तर बाइंड करा, हरकत नाही. पण अट नसताना हौसेने पोर्ट पक्का करू नका. एके काळी डीएनएस सर्व्हरचे प्रश्न ५३ पोर्टवरूनच पाठवायचे, फायरवॉलचा नियम सोपा पडतो म्हणून. २००८ साली डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवलं की पोर्ट ठाऊक असेल तर खोटं उत्तर घुसवायला हल्लेखोराला फक्त १६ बिटांचा व्यवहार क्रमांक, म्हणजे ६५,५३६ शक्यता, ओलांडाव्या लागतात; ते मिनिटांचं काम होतं. तातडीचा उपाय हाच ठरला की प्रत्येक प्रश्न वेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्टवरून जावा. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये 'क्वेरी-सोर्स' च्या पुढे 'पोर्ट ५३' अजून सापडतं. दिसलं की काढा. घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपीच्या बाबतीतही २०२१ च्या आरएफसी ९१०९ ने क्लायंटला १२३ पोर्ट सोडून यादृच्छिक पोर्ट घ्यायला सांगितलंय.

फायरवॉलसाठी एक पट्टा हवा असेल तर तो मधला मार्ग आहे. लिनक्सचा नेहमीचा पट्टा ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. तो पूर्ण मशीनसाठी 'आयपी-लोकल-पोर्ट-रेंज' ने बदलतो. लिनक्स ६.३ पासून एकेका सॉकेटलाही स्वतःचा पट्टा देता येतो. तुमचा पक्का पोर्ट त्या पट्ट्यात पडत असेल तर तो राखीव पोर्टांच्या यादीत घाला, नाहीतर एखाद्या रीस्टार्टच्या दोन सेकंदांत दुसराच प्रोग्राम तो बळकावेल. ५५०० पट्ट्याबाहेर आहे, तुम्हाला ती काळजी नाही.

टीसीपीच्या सवयीने एसओ-रियूजॲड्रेस, म्हणजे वापरात असलेला पत्ता पुन्हा बांधू देणारा सॉकेट पर्याय, मात्र लावू नका. यूडीपीत टाइम-वेट (बंद झाल्यावरही पोर्ट काही काळ अडवून ठेवणं) नसतो, प्रोग्राम बंद झाल्याक्षणी पोर्ट मोकळा होतो, त्यामुळे गरजच नाही. उलट तो पर्याय दोन्ही प्रक्रियांनी लावला तर लिनक्स दोघांनाही तोच पत्ता-पोर्ट देतो, आणि येणारी पॅकेटं नंतर बांधलेल्याकडे जातात. जुनी प्रक्रिया चुकून जिवंत राहिली तर पाठवणारे दोन आणि उत्तरं एकाला, असा घोळ होतो. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' ही चूक मिळणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

एकच पोर्ट नेहमी पुरतो असंही नाही. रेडियसचा ओळख क्रमांक एकाच बाइटाचा आहे. एका पोर्टवरून एका सर्व्हरला एका वेळी २५६ च विनंत्या अधांतरी राहू शकतात. गर्दी वाढली की क्लायंटला जास्त पोर्ट उघडावेच लागतात, आणि समोरच्याने एकाच पोर्टची अट घातली असेल तर ती बदलून घ्यावी लागते.

तर तुमच्यासाठी क्रम असा: मार्कचे आणि एसनॅटचे नियम काढा, १९२.०.२.५० च्या नावाच्या कॉनट्रॅक नोंदी पुसा, टेबल २०० आणि 'फ्रॉम' नियम टाका, प्रोग्रामला १९८.५१.१००.२० आणि ५५०० ला बाइंड करायला लावा. उघडी सॉकेटं दाखवणाऱ्या 'एसएस -यूएएनपी' मध्ये सॉकेटसमोर ०.०.०.० ऐवजी पूर्ण पत्ता दिसायला हवा. मग ईथ१ वर टीसीपीडम्प. तो बाहेर जाणारं पॅकेट नॅट झाल्यानंतर दाखवतो, त्यामुळे तिथे दिसेल तेच तारेवर गेलं. एवढं करूनही उत्तर आलं नाही तर समोरच्यांना त्यांच्या बाजूला टीसीपीडम्प लावायला सांगा. तिथे पत्ता बरोबर पण पोर्ट ५५०० ऐवजी भलताच दिसला, तर वाटेत कुठेतरी आणखी एक नॅट बसलाय आणि तो पोर्ट बदलतोय. तिथे तुमच्या सर्व्हरवरचा कुठलाही उपाय चालणार नाही, पुरवठादारालाच फोन लावावा लागेल.